भौतिकशास्त्रातले ३५: डॉक्टर व्हायला निघालेल्या एका मुलीचं प्रकरण

१४ जून २०२५. नीटचा निकाल लागला त्या संध्याकाळी ती माझ्या घरी आली. पायरीवर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही, मोबाइल तेवढा माझ्या हातात दिला. ७२० पैकी ४२१. मी काही बोलायच्या आत तिचे वडील मागून आले, हातात पेढ्यांचा पुडा. "मॅडम, लेकरू पास झालं. खाली पात्र म्हणून लिहिलंय."

लिहिलेलं खरंच होतं. तिच्या ओबीसी प्रवर्गासाठी त्या वर्षी पात्रतेची रेघ ११३ गुणांवर होती, खुल्या प्रवर्गासाठी १४४ वर. देशभरात बारा लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा मुलांमागे साधारण एक जागा, आणि सरकारी जागा त्याहून कमी. पात्र होणं म्हणजे नुसती रांगेत उभं राहायची परवानगी. मुलीला हे माहीत होतं, वडिलांना नव्हतं. पेढा हातात असताना मला ते सांगवलं नाही. मी पेढा खाल्ला.

नीटच्या गुणपत्रकावर विषयवार गुण छापलेले नसतात, पर्सेंटाइल असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी उत्तरसूची आणि तिच्या ओएमआरची, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेची, प्रत समोर ठेवून आम्ही दोघींनी एकेक प्रश्न तपासला. बरोबरला चार, चुकीला उणे एक. जीवशास्त्रात ९० पैकी ७६ बरोबर, ६ चूक, गुण २९८. रसायनशास्त्रात २६ बरोबर, १६ चूक, गुण ८८. भौतिकशास्त्राला आलो तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. ४५ पैकी ११ बरोबर, ९ चूक, २५ गोल कोरे. गुण ३५.

त्या वर्षीचा भौतिकशास्त्राचा पेपर सगळ्यांनाच जड गेला होता. आदल्या वर्षी पैकीच्या पैकी मिळवणारे होते, तर २०२५ ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले. तरीही १८० पैकी ३५ म्हणजे पेपर अवघड होता एवढ्यावर भागत नाही.

मी एकोणीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण तो ३५ चा खड्डा अकरावी-बारावीत पडलेला नाही. तो नववी-दहावीत पडला, आणि त्यातला बराचसा माझ्या वर्गात. तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नाव, गाव, शाळा मुद्दाम देत नाही.

लसीच्या बाटलीवरचा चौकोन

लातूर जिल्ह्यातलं गाव. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. आई आशा स्वयंसेविका. मुलगी थोरली, धाकटा भाऊ. आमची शाळा संस्थेची, पूर्ण मराठी माध्यमाची. सेमी इंग्रजीची तुकडी तिच्यानंतर सुरू झाली.

तिची आठवी म्हणजे २०२०-२१ चं वर्ष. घरात एक मोबाइल, तो आईच्या कामाचा. नववीला शाळा धड भरायला लागली तोवर ऑक्टोबर उजाडला होता. दरम्यान ती आईबरोबर फिरत होती. करोनाच्या काळात आशाताईंनी घरोघर जाऊन काय काम केलं हे गावाने पाहिलं आहे, आणि या मुलीने ते दोन पावलांवरून पाहिलं. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत ती आईच्या यादीवर नावं लिहायची, बाळांच्या आयांना "लस दिल्यावर अर्धा तास इथंच थांबा" म्हणून बसवून ठेवायची.

अशाच एका दिवसानंतर ती वर्गात मला म्हणाली, "मॅडम, पोलिओच्या बाटलीवर एक गोल असतो, जांभळट. त्याच्या आत एक पांढरा चौकोन. सिस्टर म्हणल्या, चौकोन गोलाइतका गडद झाला की बाटली फेकून द्यायची. त्या चौकोनाला कसं कळतं?"

मी सांगितलं की त्या चौकोनात असा पदार्थ असतो की जो उष्णतेने हळूहळू रंग बदलतो. जास्त ऊब लागली तर लवकर, कमी लागली तर सावकाश. तिने विचार केला आणि विचारलं, "मग परत बर्फात ठेवली तर पांढरा होतो का?" नाही होत, म्हटलं. "म्हणजे तो ताप मोजत नाही. आजवर किती ताप लागला त्याचा हिशेब ठेवतो."

चौदा वर्षांची मुलगी. मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की ही पोरगी डॉक्टर होणार. आणि दुसऱ्या दिवशी मी तिला अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक नेऊन दिलं.

आज मागे वळून पाहिलं की या प्रकरणातली पहिली चूक मला तिथे दिसते. तिने विचारलेला प्रश्न उष्णतेचा होता, अभिक्रियेच्या वेगाचा होता. मी मात्र डॉक्टर म्हणजे जीवशास्त्र एवढंच डोक्यात धरलं. तिला ज्या गोष्टीचं कुतूहल वाटलं होतं तिकडून मी तिला उचलून दुसरीकडे नेऊन बसवलं.

९५ गुण

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा 'गतीचे नियम', मग 'कार्य आणि ऊर्जा', 'धाराविद्युत', आणि चौथा 'द्रव्याचे मोजमाप'. हे चार धडे म्हणजे अकरावीच्या भौतिक आणि रसायनशास्त्राचा उंबरठा. त्या वर्षी शाळा उशिरा भरली म्हणून मी ते चारही धडे पंधरा दिवसांत आटोपले. व्याख्या पाठ, सूत्रं पाठ, उदाहरणं दोन-दोन, तीही पुस्तकातलीच. वेग-काळ आलेखाचा चढ म्हणजे त्वरण हे फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं. आलेख कागदावर काढून घेतला नाही. पुढे वनस्पतींचं वर्गीकरण आलं आणि माझ्यासकट सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

दहावीला मार्च २०२३ मध्ये तिला ९४ टक्के मिळाले, विज्ञानात ९५. बोर्डाच्या पेपरात शास्त्रीय कारणे, फरक स्पष्ट करा, व्याख्या लिहा, आकृती काढून नावे द्या हे सगळं ज्याला नेटकं जमतं त्याला गुण मिळतात, आणि तिला ते जमायचं. गणिताच्या उदाहरणांचे चार-पाच गुण गेले तरी ९५ ला धक्का लागत नाही. तेच चार-पाच गुण कुठले गेले हे मी पाहायला हवं होतं. मी ९५ पाहिले आणि हार घेऊन तिच्या घरी गेले.

या सगळ्यात एक फाउंडेशन क्लासही होता, तालुक्याच्या गावी, नववीच्या दुसऱ्या सत्रापासून. वर्षाला अठरा हजार. वडिलांनी आधी मलाच विचारलं होतं आणि मी "लावा" म्हणाले होते. क्लासने तिला जाडजूड मॉड्यूल दिलं आणि अकरावीचं प्लांट किंगडम नववीतच घोकून घेतलं. रविवारी चाचणी व्हायची, त्यात जीवशास्त्राचे प्रश्न सगळ्यात जास्त, कारण ते पाठ करून येतात आणि पालकांना दाखवायला गुण दिसतात. दशांश अपूर्णांकाचा भागाकार जिला कागदावर अडखळतो तिला मॉड्यूलमधून शेवाळांची लॅटिन नावं पाठ करायला लावणं याला मी पाया म्हणणार नाही. घराला पाया घालायचा सोडून आधी खिडक्या रंगवाव्यात तसं ते झालं. आशाताईंच्या मानधनातून ते पैसे जात होते हे आठवलं की मला अजून त्रास होतो.

आठवी-नववीतल्या मुलामुलींच्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की नीटच्या नावाने लागणाऱ्या क्लासची पावती फाडण्याआधी मुलाची गणिताची वही उघडून पाहा. दहाचे घातांक येतात का? गुणोत्तर आणि टक्केवारी न अडखळता येते का? सूत्रातलं एखादं पद दुसऱ्या बाजूला नेताना भागाकार होतो की गुणाकार, हे विचार न करता हाताला येतं का? दहावीच्या भूमितीत त्रिकोणमितीचा धडा असतो, तो पाठ केलाय की कळलाय? हे असेल तर क्लास उशिरा लावला तरी चालतो. हे नसेल तर क्लास लवकर लावून उपयोग नाही.

विस्थापन आणि डिस्प्लेसमेंट

एक गोष्ट मात्र आम्ही बरी केली, ती म्हणजे शब्दांची वही. मराठी माध्यमातलं मूल अकरावी विज्ञानला जातं तेव्हा रातोरात सगळं इंग्रजी होतं. म्हणून नववीपासून तिने दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले होते. एका रकान्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात चित्र किंवा एक वाक्य. तंतुकणिका, मायटोकॉन्ड्रिया. हरितलवक, क्लोरोप्लास्ट. केंद्रक, न्यूक्लियस. अकरावीच्या पहिल्या महिन्यात मराठी माध्यमाची मुलं मागच्या बाकावर गप्प बसतात, ती बसली नाही, याचं श्रेय त्या वहीला आहे.

पण वही उघडून पाहिली तर तिच्यातही तोच कल दिसतो. पेशी, ऊती, अवयव, वनस्पती, रोग यांनी पानंच्या पानं भरली आहेत. भौतिकशास्त्राची सगळी मिळून दीड पान. अकरावीच्या पहिल्या तासाला सरांनी डिस्प्लेसमेंट म्हटलं तेव्हा ते आपलं नववीतलं विस्थापन हे तिला तीन आठवडे कळलं नाही. दहावीच्या रसायनशास्त्रात विस्थापन अभिक्रिया शिकली होती, तिलाही इंग्रजीत तोच शब्द, म्हणून हा काहीतरी लोखंडाचा खिळा आणि मोरचुदाचा प्रकार असेल असं तिला वाटत राहिलं. संवेग, त्वरण, विभवांतर, अपवर्तन, सगळ्यांचं असंच. शब्दच न ओळखल्यामुळे तिला येत असलेल्या गोष्टीही परक्या झाल्या.

अकरावीला तिने गणित सोडलं. नीटच्या पात्रतेला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, गणित लागत नाही, हे खरं आहे. क्लासवाल्यांनी हेच सांगितलं, कॉलेजात सगळ्या डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलींनी हेच केलं, आणि मीही "ओझं कमी होईल" म्हणाले. पण भौतिकशास्त्राला सदिश लागतात, लॉगरिदम लागतं, साइन-कॉस लागतं, थोडं कलनही लागतं, आणि ते शिकवणारा तास तिच्या वेळापत्रकातून गेला. गणित घेऊन बोर्डाचा पेपर द्यावा असा माझा आग्रह नाही. पण गणित सोडणाऱ्या मुलीला त्यातले हे पाच-सहा धडे कोणीतरी बसून शिकवायला हवेत. आमच्याकडे ते कोणी केलं नाही.

लातूरला ठेवायचं की घरी, हाही प्रश्न तेव्हा होता. लातूर पॅटर्नचं नाव आमच्या भागात घरोघर आहे. वसतिगृह, मेस आणि दोन वर्षांचा क्लास यांचा हिशेब वडिलांनी वहीच्या मागच्या पानावर मांडला, तो एका एकराच्या किमतीच्या जवळ जात होता. मुलीनेच नको म्हटलं. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या मोफत नीट प्रशिक्षणाला तिची निवड झाली, टॅब मिळाला, रोजचा ६ जीबी डेटा मिळाला. तालुक्याच्या कॉलेजात जायला अहिल्यादेवी होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास होता. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता आणि आजही बरोबर वाटतो. दवाखान्यापासून, घरापासून न तुटता ती शिकली. ४२१ चं खापर त्या निर्णयावर फोडणारे गावात आहेत. त्यांना मी जीवशास्त्राचे २९८ दाखवते, कारण तेही त्याच टॅबवर, त्याच घरात बसून आले.

दवाखान्याच्या बाकावर

दहावीच्या सुटीत तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनाभर जायचं ठरवलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आधी नकार दिला, तो योग्यच होता. सोळा वर्षांच्या मुलीने रुग्णाला हात लावायचा नाही, तपासणीच्या खोलीत थांबायचं नाही, एवढं ठरल्यावर केसपेपरच्या खिडकीपाशी बसायची परवानगी मिळाली. तिच्या आईने तिला आधीच एक नियम शिकवला होता: "या वहीतलं त्या घरात बोलायचं नाही." कोणाची साखर वाढली, कोण कितव्यांदा गरोदर, कोणाला टीबीच्या गोळ्या चालू आहेत, यातलं एक अक्षर तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. डॉक्टर होण्याचा हा भाग कुठल्याच पुस्तकात नाही आणि तो तिने आशाताईंकडून घेतला.

त्या महिन्यात तिने पाहिलं की डॉक्टर दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ लिहिण्यात घालवतात. सर्पदंशाचा एक माणूस आला, पहिला उपचार करून त्याला १०८ मधून पुढे पाठवलं, आणि नंतर डॉक्टर बराच वेळ खुर्चीत नुसते बसून होते. एका बाईंना ते म्हणाले, "हे माझ्याकडून होणार नाही, मोठ्या दवाखान्यात दाखवू." त्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, त्यांना लाज नाही वाटली." तिच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट होती. त्याच डॉक्टरांनी तिला वर्षांचा हिशेबही सांगितला: एमबीबीएस साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेजातून शिकलीस तर एक वर्ष सरकारी सेवेचं बंधन, पुढे एमडी करायचं तर आणखी एक परीक्षा आणि तीन वर्षं. "बाळ, घाईचं काम नाही हे."

इतर वाटाही तिला तिथेच दिसल्या. सिस्टर, लॅब टेक्निशियन, औषधनिर्माता, आयुर्वेदाची पदवी असलेले समुदाय आरोग्य अधिकारी. नर्सिंगच्या पदवीसाठी राज्याची वेगळी सीईटी असते हे तिला दहावीतच कळलं. या वाटा मुलांना नीटच्या निकालानंतर सांगितल्या तर त्यांना त्या पराभवाच्या वाटतात. दहावीच्या सुटीत, काम डोळ्यांनी पाहताना कळल्या तर त्या नुसत्या वाटा असतात.

१९५९ चं रजिस्टर

आता कागदांबद्दल, कारण यात तिचे अकरा दिवस गेले.

राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. गावात त्याला नुसतं व्हॅलिडिटी म्हणतात. बारावीला कॉलेजमार्फत अर्ज गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये जात पडताळणी समितीकडून त्रुटी निघाली. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला नव्वदच्या दशकातला, आजोबा वारलेले, त्यांचे कागद कोणाला माहीत नाहीत.

आजोबा शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत दोन वर्षं शिकले होते असं चुलत आजीला आठवलं. त्या शाळेच्या लोखंडी कपाटात जुनं जनरल रजिस्टर होतं, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तांबूस झालेली. मुख्याध्यापकांनी पानं फुंकर मारत उलटली. मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. १९५९ च्या पानावर आजोबांचं नाव सापडलं, पुढे जात, पुढे पत्ता म्हणून गावाचं नाव. आडनावात एक काना कमी होता. त्या कान्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मार्चमध्ये व्हॅलिडिटी आली.

तोवर बोर्डाचे पेपर सुरू झाले होते. ११ फेब्रुवारीपासून बारावी, ४ मे ला नीट. त्याच जानेवारीत नीट घेणाऱ्या एनटीएने पेपरचं रूप बदललं: २०० पैकी १८० सोडवायची मोकळीक गेली, १८० प्रश्न १८० मिनिटांत, सगळे सक्तीचे. ज्या अकरा दिवसांत नव्या वेळेचा सराव व्हायला हवा होता, ते अकरा दिवस तहसील, सेतू आणि झेरॉक्सच्या दुकानात गेले. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीतच होतो, पण आजोबांची नोंद शोधायला आठवीची सुटी पुरते. मी आता पालकसभेत पहिल्यांदा हेच विचारते: आजोबा कुठल्या शाळेत होते?

कोरे गोल

परीक्षेत तिने मराठी भाषा निवडली होती. मराठी निवडली की प्रश्नपत्रिकेत इंग्रजी आणि मराठी दोन्ही येतं, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. दोन वर्षं सगळं इंग्रजीत वाचलेलं, त्यामुळे मराठी शब्द पाहून ती इंग्रजीकडे जायची, इंग्रजी वाचून पुन्हा खात्रीसाठी मराठीकडे. एका प्रश्नाला एक मिनिट असताना हे परवडत नाही. ज्या भाषेत सराव केला त्याच भाषेत परीक्षा द्यावी, एवढंच यातून घ्यायचं.

भौतिकशास्त्राच्या २५ कोऱ्या प्रश्नांपुढे तिने पेन्सिलने कारणं लिहिली. पाच प्रश्नांचे धडे नीट झालेच नव्हते. आठांना वेळ पुरला नाही. उरलेल्या बारांपुढे तिने जवळजवळ एकच लिहिलं होतं, वेगवेगळ्या शब्दांत: सूत्र आठवलं, आकडे बसवता आले नाहीत. आलेखाचा चढ काढता आला नाही. घातांकात गोंधळ. लॉग माहीत नाही. ती यादी मी शाळेच्या माझ्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवली आहे. त्या बारांतली बहुतेक कारणं माझ्या नववीच्या पहिल्या चार धड्यांतली आहेत.

ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या. एमबीबीएस तिच्या गुणांना लागणार नव्हतं. आयुर्वेदाची जागा मिळण्यासारखी होती. ओबीसी मुलगी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, म्हणजे राज्याच्या २०२४ च्या निर्णयाने शिक्षण शुल्कही माफ झालं असतं. वडील म्हणाले, "घे की बाई, तेबी डाक्टरच हाय." त्यात काही चूक नव्हतं आणि मी तसं म्हणालेही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आयुर्वेद कमी आहे म्हणून नाही, बाबा. मला ते पंचवीस गोल दिसतात. एक वर्ष द्या. एकच."

पुन्हा परीक्षा देण्याबद्दल माझं मत कडक आहे. गुण कुठे गेले हे सांगता येत नसेल तर वर्ष वाया घालवू नये. तिला ते प्रश्नाच्या क्रमांकासह सांगता येत होतं. वडिलांनी एक वर्ष दिलं, आणि पुढच्या वेळी जे मिळेल ते घ्यायचं असं तिघांनी ठरवलं.

ती आता घरीच आहे. सुरुवात तिने नववीच्या पुस्तकापासून केली. शनिवारी सकाळच्या शाळेत माझ्या नववीच्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसते. मी या वर्षी 'गतीचे नियम' सहा आठवडे शिकवला. मुलांनी मैदानावर दोरी टाकून, दहा-दहा मीटरवर चुना मारून, मोबाइलच्या घड्याळाने धावण्याच्या वेळा घेतल्या आणि आलेख कागदावर काढले. एका मुलाचा आलेख मध्येच आडवा झाला होता, कारण तो चप्पल निसटली म्हणून थांबला होता. चढ म्हणजे काय हे त्या दिवशी वर्गाला कळलं, आणि शेवटच्या बाकावरही कळलं, असं तिने नंतर सांगितलं.

परवा ती वही घेऊन आली. रसायनशास्त्रात आऱ्हेनियसच्या समीकरणाला पोचली होती, तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग कसा वाढतो ते. लॉग घेऊन, तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर मांडून तिने सरळ रेघ काढली होती आणि तिचा चढ काढला होता. हाताने, कॅल्क्युलेटर न घेता. खाली समासात एक गोल आणि आत चौकोन.

"मॅडम, हा तोच हिशेब ठेवतो," ती म्हणाली. सिस्टरकडून तिने माहिती आणली होती की या खुणांचे प्रकार असतात आणि पोलिओच्या बाटलीवरची सगळ्यात नाजूक, ३७ अंशांना दोनच दिवसांत गडद होणारी. दुसऱ्या काही लसींवरची खूण त्याच तापमानाला तीस दिवस टिकते. मग २५ अंशांना पोलिओची बाटली किती दिवस, हे तिला काढायचं होतं. त्यासाठी सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा, किती धरायची हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नाही. आम्ही दोघींनी आधी एक आकडा धरून पाहिला, मग दुसरा, आणि अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून आकडेमोड करत राहिलो.